मी, चौकातली शिळा, आणि एक रिकामी ओळ

मी शिळा बोलतेय. चौकातली काळी शिळा. हो, तीच, जिच्या डोक्यावर ब्राँझचा शिपाई उभा आहे आणि शिपायाच्या डोक्यावर कबूतर. "त्या काळ्या दगडापाशी थांब, मी आलोच," असं एकमेकांना सांगून तुम्ही माझ्या पायरीवर येऊन बसता. ज्याची वाट बघत असता तो आला की उठून जाता. हा दगड कोणाचा, इथे कशासाठी उभा आहे, हे विचारायला तुम्हाला सवड नसते. इतकी वर्षं मी गप्प बसले. दगडाने गप्प बसावं हेच शोभतं, असं मला वाटायचं. आता म्हटलं, चुलीत गेली ती शोभा. आपणच तोंड उघडावं.

मी युद्धस्मारक आहे. लढाई चालू होती त्या काळात सैन्याची एक खास तुकडी होती. तिच्या नावाने मला इथे रोवलंय. या तुकडीचं काम काय, तर कोणाला न दिसणं. अंधारात नदी पोहून पलीकडे जायचं, शत्रूच्या पाठीमागचे पूल उडवायचे आणि उजाडायच्या आत माघारी यायचं. दिसला तो मेला. ही माणसं सावलीतून चालायची, आडोशाने बसायची, शिंक आली तर गिळायची.

आणि अशा माणसांची आठवण म्हणून लोकांनी काय उभं केलं? तर हे धूड! शहरातल्या सगळ्यात मोठ्या चौकात, चारही रस्त्यांवरून दिसेल असं, वर पुन्हा दिव्यांचा झोत मारून. मी जन्मात एक दिवस लपलेली नाही. लपणाऱ्यांची आठवण मी मिरवून दाखवते. आता यावर हसू नको तर काय करू?

माझ्या जन्माची कथाही फार अभिमानाने सांगावी अशी नाही. खाणीतून मला काढलं ते एका बँकेच्या दारातली पायरी करायला. तासून, घासून मला दारापर्यंत नेलं, आणि बँकेच्या साहेबांना माझ्या अंगावरची पांढरी शीर दिसली. "हिला तडा गेलाय," म्हणाले. तडा नव्हता हो, जन्मखूण होती. पण बँकेच्या साहेबाला कोण समजावणार? मी दोन पावसाळे कुंपणाच्या कडेला आडवी पडून होते. शेवटी स्मारक समितीला मोठा दगड हवा होता आणि तोही लवकर. म्हणजे पायरी म्हणून जी चालली नाही ती स्मारक म्हणून चालली. माझ्यापुढे फुलं वाहून माना तुकवणाऱ्या मोठमोठ्या लोकांना हे ठाऊक असतं तर त्यांनी मान जरा कमी तुकवली असती.

शाळेत मी गेले नाही. पाथरवटाने माझ्या छातीवर नावं कोरली, एकेक अक्षर छिन्नीने लागत गेलं तसं मला वाचता येत गेलं. त्यामुळे माझं अक्षरज्ञान पक्कं आहे. पाटीवर गिरवून ओल्या फडक्याने पुसलेलं नाही.

डोक्यावरच्या शिपायाबद्दल मात्र माझी काही चूक नाही. शिल्पकाराला नमुना म्हणून उभं राहायला कोणी मिळेना, तेव्हा त्याने स्वतःच्या मेहुण्याला उभं केलं. मेहुण्याची बेकरी होती. त्यामुळे आमच्या शिपायाचे गालही पावासारखे फुगलेले आहेत. छाती पुढे, गुडघ्यापर्यंत बूट, आणि एक हात लांब करून समोर बोट दाखवलेलं. बसवला तेव्हा त्या बोटासमोर मोकळं मैदान होतं. पुढे तिथे सार्वजनिक शौचालय झालं. तेव्हापासून निदान काही लोकांना त्याचा उपयोग होतो.

अनावरणाच्या दिवशी याच बोटाने माझी अब्रू घालवली. बँड वाजला, पाहुण्यांनी दोरी ओढली, आणि कापड बोटात अडकलं. दोरी ओढावी तसा शिपाई जास्तच गुंडाळला जाई. शेवटी आग विझवणाऱ्यांची शिडी आणली. मग भाषणं झाली. अदृश्य वीरांवर प्रत्येकजण इतका वेळ बोलला, की ऐकणारेच हळूहळू अदृश्य झाले.

सगळं पांगल्यावर काही माणसं पुढे आली. त्या तुकडीतली मागे राहिलेली माणसं. ती कुठून आली ते मलाही कळलं नाही. इतका वेळ ती चौकातच होती आणि एकाही फोटोत आली नव्हती. त्यांतला एक किडकिडीत माणूस माझ्याभोवती फिरला आणि मान वर करून शिपायाकडे पाहू लागला. त्याला सगळे पाल म्हणत, कारण तो कुठलीही भिंत सरसर चढायचा.

"काय रे, हा एवढे बूट घालून नदी पोहणार?" पाल म्हणाला.

"पोहेल कशाला? तळाने चालत जाईल."

"आणि बोट कोणाला दाखवतोय?"

"शत्रूला. म्हणतोय, बाबांनो, मी इथे आहे, इकडे मारा."

ती माणसं पोट धरून हसली. मला इतका राग आला! आत्ता कुठे माझं अनावरण झालं होतं. पण मग ती नावं वाचायला लागली, आणि हसणं थांबलं.

या तुकडीची एक रीत होती. खरं नाव कोणी कोणाला सांगायचं नाही. एखादा पकडला गेला तर त्याला जे माहीतच नाही ते तो सांगणार कसं? म्हणून सगळ्यांना टोपणनावं. पाल, बोका, घुबड, खोकल्या. वरिष्ठांपैकी एकट्या मेजरसाहेबांना सगळ्यांची खरी नावं ठाऊक, आणि त्यांचंच नाव माझ्यावर कोरलेलं. माझ्या अंगावर होती ती सगळी खरी, लांबलचक नावं. स्वतःचं, बापाचं, आडनाव. ज्यांच्या अंगाला अंग लावून ही माणसं चिखलात झोपली होती, त्यांची नावं समोर असून त्यांना ओळखता येईनात.

"खोकल्या यातला कुठला रे?"

कोणालाच माहीत नव्हतं. खोकल्या म्हणजे कधीही न खोकणारा माणूस. घशात उबळ आली की तो तोंडात फडकं कोंबायचा. पालीने वरून खाली, खालून वर बोट फिरवलं, आणि सगळ्यांत लांब नावावर टेकवलं. "हाच असणार. त्याची आई हौशी होती म्हणायचा."

त्या दिवसापासून पाल दर वर्षी येई आणि त्या नावावर टिचकी मारून त्याला शिव्या देई. "काय रे गाढवा, माझी विडी घेतलीस ती दिली नाहीस." मला मोठी गंमत वाटायची. नावाचा धनी दुसराच कोणीतरी असावा अशी शंका यायची, पण मी पडले दगड, बोलणार कशी?

ते बोलली शिवणवाली.

चौकाच्या पलीकडे, औषधाच्या दुकानाशेजारी एक शिवणाचं दुकान आहे. खिडकीशी मशीन, मशीनमागे ती. गळ्यात मोजायची टेप, बोटात अंगुस्तान, आणि जीभ कात्रीसारखी. तिचा माणूस याच तुकडीतला. तुकडीच्या लोकांची ती वहिनी. एका वर्षी पाल अशाच शिव्या घालत असताना ती रस्ता ओलांडून आली.

"पालभावजी, ते नाव खोकल्याचं नाही. मेजरसाहेबांचं आहे."

पाल टिचकीसाठी उचललेलं बोट तसंच धरून उभा राहिला. "मेजरसाहेबांना मी गाढव म्हणतोय इतकी वर्षं?"

"म्हणत राहा. जिवंतपणी कुठे हिंमत झाली होती?"

हे तिला कसं कळलं? तर असं, की आठवणीच्या दिवशी गावोगावच्या आया, बहिणी, बायका यायच्या, ऊन लागलं की तिच्या दुकानात पाणी प्यायला बसायच्या आणि बोलायच्या. "आमचा झोपेतसुद्धा तोंडात फडकं धरायचा," असं एक म्हातारी म्हणाली, आणि खोकल्या सापडला. घरच्यांना खरी नावं माहीत आणि सोबत्यांना टोपणनावं. माझ्या पायरीवर बसून ती दोन्ही जुळवायची हे काम शिवणवालीने केलं, कापडाचे दोन तुकडे जोडावे तसं. म्हातारीने त्या दिवशी पालीला विचारलं, "माझं पोर तिकडे हसायचं का रे?" पाल म्हणाला, "आजी, त्याला हसताना पण फडकं लागायचं." ती म्हातारी इतकी हसली, की मला वाटलं आता हिलाच फडकं द्यावं लागणार. मी म्हणजे समोर उभी, अंगभर सोन्याची अक्षरं मिरवत, आणि या कामात माझा उपयोग काय, तर बसायला पायरी. बँकेवाल्याची नजर पक्की होती म्हणायची.

आता त्या रिकाम्या ओळीचं सांगते.

शिवणवालीचा माणूस रांगेत सगळ्यांत मागे चालायचा. त्याच्या हातात झाडाच्या डहाळ्यांची जुडी असे. पुढच्यांची पावलं वाळूत, चिखलात उमटली की तो मागून ती पुसत यायचा. म्हणून त्याचं नाव शेपूट. एका मोहिमेत पूल उडाला, सगळे माघारी फिरले, नदीपाशी पोचले, तर शेपूट नाही. गोळी ऐकली नाही, हाक ऐकली नाही. थांबले, परत जाऊन शोधलं. नाही म्हणजे नाही.

घरी सांगायला पाल आला होता, शेपटाने कधीतरी सांगितलेल्या दुकानाच्या खुणेवरून. "वहिनी, वाळूवर काहीच नव्हतं. आमच्या पावलांचं नाही, त्याच्याही पावलांचं नाही."

तेव्हा ती म्हणाली, "घरात कधी केरसुणी हातात धरली नाही मेल्याने, आणि तिथे एवढं चोख झाडलं!" असं म्हणाली, हसली, आणि मग भिंतीकडे तोंड करून बसली.

माझ्यावर नावं कोरली ती सरकारी यादीप्रमाणे, आणि यादीत बेपत्ता माणूस सगळ्यांत शेवटी. त्यामुळे त्याचं नाव तळाशी येणार होतं. सरकारने त्याला मेलेल्यांत धरलंच होतं. पाथरवट त्या ओळीशी पोचला आणि शिवणवालीने येऊन त्याच्या हातातली छिन्नी काढून घेतली.

"त्याला मेलेला कोणी पाहिलाय?"

कोणी पाहिला नव्हता.

"मग कोरायचं नाही. उद्या तो आला आणि मेलेल्यांत स्वतःचं नाव वाचलं तर मला काय म्हणेल? दम धरवला नाही होय तुला, असंच ना?"

तेव्हाच्या समितीतली माणसं घाबरट होती, म्हणजे बरी होती. ती ओळ रिकामी ठेवली.

मला त्या ओळीची लाज वाटायची. एवढा भारी कोट घालावा आणि खालचं एकच बटण नसावं, तसं. हार घालायला कोणी आलं की मी मनात म्हणायची, जरा खाली घाला, तेवढं झाकलं जाईल. पण हार घालणाऱ्याचं लक्ष फोटो काढणाऱ्याकडे असतं. तो कुठे घातला जातो याला काही अर्थ नसतो.

वर्षं गेली. माझ्यावर निवडणुकीची पत्रकं चिकटली, हरवलेल्या पोपटाच्या जाहिराती चिकटल्या. प्रेमात पडलेल्यांनी खिळ्याने माझ्यावर बदाम काढले. ती लग्नं झाली की मोडली ते कळवायला कोणी आलं नाही. आठवणीच्या दिवशी लोक स्तब्ध उभे राहतात तेव्हा मी त्यांच्याकडे बघत असते. कोणी घड्याळ बघतो, कोणी दुसरा घड्याळ बघतोय का ते बघतो. एकाने डोळे इतके घट्ट मिटले, की वाटलं याचं तरी मन भरून आलंय. नंतर कळलं, त्याच्या डोळ्यात किडा गेला होता.

शिवणवाली मात्र रोज यायची. दुपारी दुकान बंद करून, डबा आणि हातशिलाईचं काम घेऊन. त्या रिकाम्या ओळीखाली माझ्याकडे पाठ करून बसायची, मान मागे टेकायची, जेवायची, काज-बटणं करायची आणि जायची. बाकीच्या बायका नावांशी बोलत. "बरं का रे, तुझ्या पुतण्याला नोकरी लागली," असं सांगत. ही चकार शब्द बोलायची नाही. कधी मागे वळून त्या जागेला हातसुद्धा लावला नाही. बोलली असती तर तो दगडात आहे असं झालं असतं, आणि तिच्या लेखी तो वाटेत होता.

यंदा नवी समिती आली. तिचे सचिव उत्साही, तरुण, बोलायला गोड. माझं अंग धुतलं, अक्षरांत नवं सोनं भरलं, शिपायाच्या कानातलं घरटं काढलं. मी तर हवेतच होते. मग सचिवांना ती ओळ दिसली. त्यांना वाटलं, पाथरवटाचा अंदाज चुकला असेल. "इथे आपल्या समितीची पट्टी छान बसेल. नूतनीकरण अमुक अमुक यांच्या प्रयत्नांनी." आणि मी, दगडाची दगड, खूश झाले! म्हटलं, चला, बटण लागलं एकदाचं.

नवा पाथरवट आला, स्टुलावर बसला, खडूने रेघा आखू लागला. पलीकडे मशीन थांबलं. शिवणवाली हात दाखवून गाड्या थांबवत रस्ता ओलांडून आली.

"ए, तो खडू खाली ठेव."

"आजी, बाजूला व्हा, कण उडतील डोळ्यात."

"आजी तुझ्या घरी. ही जागा कोणाची आहे ते विचारलंस का कोणाला?"

सचिव पुढे झाले. "आजी, जागा रिकामी आहे. बघा ना."

"रिकामी नाही, धरलेली आहे. बसमध्ये रुमाल टाकून जागा धरत नाहीस तू? तशी धरलीय."

"कोणासाठी?"

"माझ्या माणसासाठी."

"ते कुठे असतात?"

तिने गळ्यातली टेप काढली, गुंडाळली आणि पायरीवर बसली.

सचिवांना मग कोणीतरी सांगितलं असावं. ते पायरीवर तिच्याशेजारी बसले. "आजी, ते गेले असतील तर त्यांचं नाव इथे आधी. आमची पट्टी कुठेही लावू. पण ते आहेत असं तुम्ही म्हणत असाल तर हे हुतात्म्यांचं स्मारक आहे हो. जिवंत माणसाची जागा मी इथे कशी राखू? दोन्हींतलं एक काय ते तुम्ही सांगा. लिहून बिहून काही नको. उद्या सकाळी सांगा, रविवारी पाहुणे येतायत."

वैताग याचाच होता, की तो माणूस चुकीचं काही बोलत नव्हता. उद्धट असता तर तिने त्याला तिथेच उभा फाडला असता.

त्या दुपारी तिने पालीला बोलावून घेतलं. कुठलीही भिंत चढणारा तो माणूस आता काठी टेकत, दर पायरीला थांबत माझ्या पायऱ्या चढला. दोघं शेजारी बसली. तिने डबा उघडला नाही.

"भावजी, खरं सांगा. तो येईल?"

"आला तरी आता काठी घेऊनच येईल, वहिनी. आणि काठीचे ठसे पुसत बसेल. त्याला वेळ लागणारच."

"चेष्टा नको."

पालीने काठी मांडीवर आडवी घेतली. "नाही येणार. मला त्या पहाटेच कळलं होतं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलं कुठे?"

"विचारलं असतं तर खोटं बोलला असतात."

"बोललो असतो."

"म्हणूनच नाही विचारलं."

एक बस आली, माणसं उतरली, बस गेली. ती म्हणाली, "भावजी, त्याला मेलेला कोणी पाहिला नाही. शत्रूनेही सांगितलं नाही की आम्ही मारला. म्हणजे उद्या मी तोंडाने सांगायचं आणि तेव्हा तो मरायचा. मीच मारायचा होय त्याला?"

"आणि नाही सांगितलं तर? तुम्ही बसताय तोवर जागा त्याची. तुम्ही नसाल तेव्हा पट्टी बसणारच की. मग असा कोणी होता हे कुठे राहील? वहिनी, त्याने आम्हा सगळ्यांचे ठसे पुसले म्हणून मी इथे बसलोय. त्याचा एक तरी राहू द्या."

दोघं उठली तेव्हा तिनेच त्याला हात धरून पायऱ्या उतरवल्या.

सकाळी पाथरवट स्टुलावर, सचिव उभे, पाल काठीवर. ती आली ती टेप गळ्यात घालूनच. टेप लावून ओळ मोजली. "बसेल," म्हणाली. "कोर."

"नाव?"

तिने पालीकडे पाहिलं. पाल ओशाळला. "मला माहीत नाही, वहिनी. मी त्याला शेपूटच म्हणत आलो. तुम्ही नेहमी हा, तो, आमचा माणूस. मला वाटायचं, आज विचारू, उद्या विचारू. आणि मग इतकी वर्षं झाल्यावर विचारायची लाज वाटायला लागली."

"कार्यालयात मिळेल, मी आणवतो," सचिव म्हणाले.

"थांब. माझा माणूस आहे की कार्यालयाचा?"

आणि तिने नाव सांगितलं. कुजबुजत नाही, रडत नाही. पान वाढल्यावर बाहेर बसलेल्या माणसाला हाक मारावी तसं, चौकातल्या गाड्यांच्या वर. पूर्ण नाव. दोन माणसांनी वळून बघितलं, आपल्याला कोणी बोलावलं की काय म्हणून. नंतर तिने अंगुस्तान काढलं, पुसलं, परत बोटात घातलं.

छिन्नी लागली. मला वाटायचं, इतक्या वर्षांनी दुखणार नाही. दुखलं.

"खाली शेपूट घाल," पाल म्हणाला.

सचिव दचकले. "अहो, हुतात्म्याच्या नावाखाली शेपूट? शोभतं का ते?"

"मग मी त्याला ओळखू कसा? आधीच एकदा मेजरसाहेबांना गाढव म्हणून बसलोय."

"पाहुणे वाचतील हो!"

"वाचू दे," शिवणवाली म्हणाली. "पाहुण्यांनी वाचायचं नसेल तर दगड कशाला फोडताय? पहिलं नाव आईबापांनी दिलेलं आहे. हे त्याने कमावलेलं आहे. घाल रे."

पाथरवट हुशार. यांचं भांडण होईतो त्याने 'शे' कोरून टाकला होता.

बातमी पसरली, आणि घरच्या माणसांची रीघ लागली. आमच्याचंही घाला, आमच्याचंही घाला. खोकल्याची भाची आली, बोक्याचा भाऊ आला. जे आले नाहीत त्यांची शिवणवालीने सांगितली. रविवारपर्यंत माझ्या भारदस्त छातीवर खोकल्या, बोका, घुबड, बेडूक अशी सगळी वरात उमटली. युद्धस्मारक कुठलं, प्राणिसंग्रहालयाची पाटी झाले मी.

पाहुणे गंभीर चेहऱ्याने नावं वाचायला उभे राहिले. खोकल्यापाशी अडखळले, सचिवांकडे पाहिलं. बेडकापाशी त्यांचा ओठ हलायला लागला. शेपटापाशी आले आणि माईकसमोर फिस्सकन हसले. सगळा चौक हसला. सगळ्यांत मोठ्याने पाल. मग सगळे स्तब्ध उभे राहिले, आणि मी शपथेवर सांगते, त्या वेळी एकानेही घड्याळ पाहिलं नाही. इतकी वर्षं लोक माझ्यापुढे माना खाली घालत होते, पण वाचत कोणीच नव्हतं.

समितीची पट्टी माझ्या पाठीला लावली आहे. तिथे कुत्री येतात. सचिवांनी स्वतःच सुचवलं ते. चांगलं माणूस आहे.

त्यानंतर बरेच दिवस ती आली नाही. दुकान उघडं असे, मशीनचा आवाज येई, दुपारी दार लागे, पण पायरी रिकामी. मला धास्ती वाटली. म्हटलं, माझ्या अंगावर त्याचं मरण लिहिलंय, आता ही माझं तोंड कशाला बघेल?

मग एका दुपारी आली. पण माझ्याकडे पाठ करून बसली नाही. तोंड करून बसली, मांडी घालून, अगदी समोर. एकेक अक्षरावरून बोट फिरवलं, टाका नीट पडलाय का ते बघावं तसं. पाथरवटाचं काम पसंत पडलं असावं, कारण तिने नाक मुरडलं नाही. मला वाटलं, आता रडेल. मी दगड, मला काय कळतंय?

"ट्रंकेची किल्ली कुठंय?" ती म्हणाली.

तो गप्प.

"खिशात घालून गेलास ना? मला कुलूप फोडावं लागलं. नवं कुलूप होतं. आणि त्या मशीनचा पट्टा सैल झालाय, आलो की बघतो म्हणाला होतास. बघितलास?"

दुकान उघडायची वेळ टळून गेली तरी ती बोलत होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आता रोज. नावाने हाक मारून सुरुवात करते, आणि मग सोडत नाही.

तेव्हा लोकहो, माझ्यापाशी या. जवळ येऊन वाचा. त्याचं खरं नाव मी मुद्दामच सांगितलं नाहीये, ते तुम्हीच तळाशी वाकून वाचा. वाकल्याशिवाय दिसणार नाही. टोपणनावांना हसलात तरी चालेल. बँकेने नाकारलेल्या दगडाची कसली आलीय अब्रू.

फक्त दुपारी येऊ नका. दुपारी दुकान बंद करून ती आलेली असते, आणि त्यांचं भांडण अजून पहिल्या वर्षापाशीच आहे.